ट्रेलर ब्रेक, विद्युत्

स्वतःचे एंजिन नसलेल्या व दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढल्या जाणाऱ्या गाडीची (ट्रेलरची) चाके विद्युत् चुंबकाच्या साहाय्याने रोखणाऱ्या साधनास विद्युत् ट्रेलर ब्रेक म्हणतात. हे ब्रेक ट्रेलरच्या चाकांत असतात. परंतु त्यांना लागणारा प्रवाह ओढणाऱ्या वाहनाच्या घटमालेतून येतो आणि त्याचे प्रमाण चालकाजवळ बसविलेला नियंत्रक ठरवितो. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत पिक-अप ट्रकमागे जोडावयाच्या मध्यम वजनाच्या ट्रेलरांना हा प्रकार रूढ आहे. त्याचा इतिहास म्हणजे एका साध्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय. दोन वाहने एकमेकांस जोडल्यावर ती एकाच वेळी व योग्य प्रमाणात कशी थांबवावीत, हा तो प्रश्न.

प्रश्नाचे स्वरूप : वाहन थांबविणे म्हणजे त्याच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर करणे. २,५०० किग्रॅ. वजनाचा ट्रक ताशी ८० किमी. वेगाने जात असता त्याची गतिज ऊर्जा सु. ६१७ किलोजूल असते. त्यामागे ३,००० किग्रॅ.चा ट्रेलर असेल, तर आणखी सु. ७४१ किलोजूल ऊर्जेची भर पडते. ट्रेलरला ब्रेक नसल्यास ही सर्व ऊर्जा ट्रकच्या ब्रेकनाच शोषावी लागते. एकट्या ट्रकला सु. ४१ मी. अंतरात थांबविणारी रोधक प्रेरणा या दोन्ही वाहनांना थांबविण्यास सु. ९० मी. अंतर घेते. शिवाय मागील भार पुढच्या वाहनास ढकलत राहतो. वळणावर वा निसरड्या रस्त्यावर हा रेटा तिरपा लागला, तर ट्रक जोडाच्या ठिकाणी वळून दोन्ही वाहने चाकूच्या पात्यासारखी मिटतात. लांब उतारावर ट्रकचे ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून भार जेथे आहे तेथेच तो रोखला जावा, हे तत्त्व प्रथम रेल्वेने व नंतर मोटार वाहतुकीने स्वीकारले.

पूर्वेतिहास : रेल्वेगाडीच्या प्रत्येक डब्यास ब्रेक असावा आणि त्या सर्वांचे नियंत्रण एंजिनावरून व्हावे, ही कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ साली पेटंट घेतलेल्या वायुदाब ब्रेकने व्यवहारात आणली. १८७२ च्या सुमारास त्यांनी तीत केलेली सुधारणा अधिक महत्त्वाची ठरली. सुधारित रचनेत नळीतील दाब कमी झाला की ब्रेक लागतात. त्यामुळे डबे तुटून वेगळे झाले, तरी ते आपोआप थांबतात. ट्रेलरच्या ब्रेकबाबत पुढे घातल्या गेलेल्या अटींतही हेच तत्त्व आढळते.

मोटारगाडीमागे ट्रेलर जोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वाढली. डिट्रॉइट येथील लोहार ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ साली एका गिऱ्हाइकाची होडी फोर्ड गाडीमागून नेण्यासाठी ट्रेलर बनविला. त्यातूनच पुढे अर्धट्रेलरांचा मोठा उद्योग उभा राहिला. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस मागे उघडा हौदा असलेला पिक-अप साटा कारखान्यातूनच देण्यास प्रारंभ केला आणि शेतकरी व लहान व्यावसायिक यांच्या हाती मालवाहू व ओढणारे असे दुहेरी उपयोगाचे वाहन आले. १९३० नंतर निवासी ट्रेलरांची लाट आली. ‘एअरस्ट्रीम’चे ‘क्लिपर’ हे प्रसिद्ध प्रारूप १९३६ मधील आहे. ट्रेलर जसजसे लांब व जड झाले, तसतशी त्यांच्या ब्रेकची निकडही वाढत गेली.

या काळात मोटारगाडीच्या स्वतःच्या ब्रेकमध्येही बदल होत होते. लूई रनॉल्ट यांनी १९०२ साली पुढे आणलेला ड्रम ब्रेक सर्वत्र रूढ झाला होता. माल्कम लॉगहेड यांच्या प्रयत्नांतून द्रवीय ब्रेक विकसित झाले आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना ते बसविण्यात आले. तथापि द्रवीय पद्धत ट्रेलरपर्यंत नेणे गैरसोयीचे होते. ट्रेलर सोडताना वा जोडताना दर वेळी द्रवाची नळी सोडावी लागे. तीत हवा शिरली, तर ट्रकचे ब्रेकही निकामी होण्याचा धोका असे. वायुदाब ब्रेकसाठी संपीडक व टाकी लागत असल्याने हलक्या ट्रकला ते परवडत नसत. तार जोडणे व सोडणे मात्र सोपे होते. शिवाय तारेत हवा शिरण्याचा वा तिच्यातून द्रव गळण्याचा प्रश्नच नव्हता.

विद्युत् ब्रेकचा उदय : विद्युत् प्रवाहाचा चुंबकीय परिणाम एर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविला आणि विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये मऊ लोखंडावर तार गुंडाळून विद्युत् चुंबक तयार केला. या शोधाचा मोटार ट्रेलरसाठी उपयोग करून घेण्याचे श्रेय मुख्यत्वे आर्थर प्रॅट वॉर्नर (१८७०–१९५७) यांच्याकडे जाते. विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथील वॉर्नर बंधू मोटारगाडीच्या वेगमापकाचे आद्य उत्पादक म्हणून प्रसिद्ध होते. आर्थर वॉर्नर यांनी १९०९ साली विकत घेतलेल्या कर्टिस विमानातून आपल्या राज्यातील पहिले विमानोड्डाण केले. वेगमापकाचा व्यवसाय १९१२ मध्ये स्ट्यूअर्ट कंपनीकडे गेल्यानंतर त्यांनी ट्रेलरच्या धंद्यात लक्ष घातले आणि १९२७ साली ‘वॉर्नर इलेक्ट्रिक ब्रेक’ ही कंपनी स्थापन केली. पुढे केल्सी-हेज आणि इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील डेक्स्टर या कंपन्यांनीही असे ब्रेक मोठ्या प्रमाणावर तयार केले. बाह्य रचनेत किरकोळ फरक असले, तरी मूळ तत्त्व आजही तेच आहे.

रचना व कार्य : चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडी ड्रमच्या आत दोन ब्रेक शू असतात. त्यांना बाहेर ढकलणाऱ्या तरफेच्या खालच्या टोकास चपटा विद्युत् चुंबक बसविलेला असतो. या चुंबकाचे तोंड ड्रमच्या आतील सपाट, गुळगुळीत पृष्ठास हलकेच टेकलेले असते. प्रवाह सुरू होताच चुंबक त्या पृष्ठास चिकटू पाहतो. ड्रम फिरत असल्याने तो घर्षणामुळे काही अंतर ओढला जातो. त्यासरशी तरफ फिरते आणि शू ड्रमवर दाबले जातात. येथे विजेचे कार्य केवळ चुंबक चिकटविण्याचे आहे. शू दाबणारी मोठी प्रेरणा फिरत्या चाकाकडूनच मिळते. त्यामुळे थोड्या विजेत मोठा ब्रेक लागू शकतो.

२५ ते ३० सेंमी. व्यासाच्या ड्रममधील बारा व्होल्टच्या चुंबकाच्या वेटोळ्याचा रोध सु. ३·२ ओहम असतो. ओहम नियमानुसार तो जास्तीत जास्त ३·७५ अँपिअर प्रवाह घेतो. तारेतील घट जमेस धरता प्रत्यक्षात ३ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. सर्व चुंबक समांतर जोडलेले असल्याने दोन ब्रेकांस सु. ७·५ आणि चार ब्रेकांस सु. १५ अँपिअर या कमाल प्रवाहाची सोय ठेवावी लागते. प्रवाह कमीजास्त केला की ब्रेकचा जोरही कमीजास्त होतो. हे काम नियंत्रकाचे होय.

नियंत्रकाचा विकास : प्रारंभीचा नियंत्रक म्हणजे सुकाणूजवळ बसविलेला एक बदलता रोधक होता. चालक पायाने ट्रकचा ब्रेक दाबी आणि हाताने तरफ फिरवून ट्रेलरचा. दोन्ही कृतींचा मेळ घालणे सरावाचे काम होते आणि अकस्मात संकटात तो सुटण्याचा धोका असे. द्रवीय ब्रेक ट्रकमध्येही रूढ झाल्यावर (शेव्हरोले १९३६, फोर्ड १९३९) यावर एक चांगला उपाय सापडला. ट्रकच्या मुख्य सिलिंडरपासून एक बारीक नळी नियंत्रकापर्यंत नेण्यात आली. चालकाने पायपट्टी जितकी दाबावी, तितका नळीतील दाब नियंत्रकातील लहान दट्ट्यास सरकवी आणि त्याबरोबर रोध कमी होऊन ट्रेलरकडे जाणारा प्रवाह वाढे. ट्रेलरचा ब्रेक ट्रकच्या ब्रेकच्या प्रमाणात लागणे यामुळे प्रथमच साध्य झाले. हलक्या ट्रेलरची चाके एकदम अडकू नयेत म्हणून मंडलात आणखी एक रोधक मालेने जोडीत. हाताची तरफ मात्र कायम राहिली. ट्रेलर डोलू लागल्यास ट्रकचा ब्रेक न लावता केवळ ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावून त्याला सरळ करता येते, हा तिचा विशेष उपयोग आहे.

द्रवदाबावर चालणाऱ्या या नियंत्रकाला पुढे वाहनांतील बदलांमुळेच मर्यादा पडल्या. १९६७ च्या सुमारास अमेरिकन मोटारगाड्यांत सुरक्षिततेसाठी दुहेरी मुख्य सिलिंडर आला. दोहोंपैकी एका मंडलातून नळी काढल्यास त्यातील थोडका द्रव नियंत्रकाकडे जाई आणि गळती झाल्यास ते मंडल निकामी होई. १९८७ पासून फोर्डच्या पिक-अप ट्रकांत मागील चाके अडकू न देणारी यंत्रणा आली. इतर उत्पादकांनीही तिचा अवलंब केला. अशा यंत्रणेच्या नळ्यांना छेद देणे सर्वस्वी गैर ठरले.

दरम्यान ट्रँझिस्टरामुळे (१९४७) दुसरा मार्ग खुला झाला होता. इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ट्रकच्या थांब-दिव्याच्या स्विचाकडून केवळ ‘ब्रेक लागला’ एवढीच सूचना घेतो. द्रवाशी त्याचा संबंध नसतो. त्याच्या कालाधिष्ठित प्रकारात सूचना मिळताच प्रवाह ठराविक गतीने ठरविलेल्या कमाल मूल्यापर्यंत वाढतो. हा स्वस्त व बसविण्यास सोपा आहे. परंतु चालकाने ब्रेक हळू लावला की जोरात, हे त्यास कळत नाही. प्रमाणबद्ध प्रकारात आधी लोलक व नंतर घन अवस्था प्रवेगमापक वापरून ट्रकचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे हे मोजतात आणि त्या प्रमाणात प्रवाह सोडतात. प्रवाह कमी करण्यासाठी रोधकात ऊर्जा जाळण्याऐवजी तो सेकंदात अनेक वेळा चालू-बंद करून चालू काळाची रुंदी बदलतात. त्यामुळे नियंत्रक लहान झाला व त्याचे तापणे कमी झाले. फोर्डने २००५ च्या ‘सुपर ड्यूटी’ ट्रकपासून नियंत्रक कारखान्यातच बसवून देण्यास सुरुवात केली.

जुन्या ट्रकमधील तारजोडणी : जुने पिक-अप ट्रक दीर्घकाळ वापरात राहतात. त्यांत नवा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक बसविताना दोन काळांच्या विद्युत् पद्धतींची सांगड घालावी लागते. १९५०–६० या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन वाहनांची विद्युत् पद्धती सहा व्होल्टची होती. शेव्हरोलेने १९५५ मध्ये, तर फोर्डने १९५६ मध्ये बारा व्होल्टची पद्धती स्वीकारली. तोपर्यंत फोर्डच्या गाड्यांत घटमालेचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. केवळ रोधकाच्या जुन्या नियंत्रकास याने फरक पडत नसे. इलेक्ट्रॉनीय नियंत्रक मात्र बारा व्होल्ट व ऋण टोक सांगाड्यास या रचनेसाठीच असतो आणि तारा उलट जोडल्यास तो निकामी होतो. यास्तव जुनी पद्धती प्रथम बदलावी लागते.

नियंत्रकास सामान्यतः चार तारा असतात. काळी तार घटमालेच्या धन टोकाकडून शक्ती आणते, पांढरी ऋण टोकाकडे जाते, तांबडी थांब-दिव्याच्या स्विचाकडून सूचना आणते आणि निळी प्रवाह ट्रेलरकडे नेते. काळ्या तारेत घटमालेजवळ आपोआप पूर्ववत् होणारा मंडल खंडक घालतात. दोन वा चार ब्रेकांस २० अँपिअरचा व सहा ब्रेकांस ३० अँपिअरचा. ही तार जुन्या वितळतार पेटीतील एखाद्या मोकळ्या जागेतून न घेता थेट घटमालेपासून घेणे इष्ट असते, कारण मूळ मंडले एवढ्या प्रवाहासाठी आखलेली नसतात.

तारेच्या जाडीस येथे विशेष महत्त्व आहे. सु. २ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा दर मीटरला रोध सु. ०·००८ ओहम असतो. ६ मी. लांबीतून १५ अँपिअर प्रवाह वाहताना तीत सु. ०·७५ व्होल्ट दाब वाया जातो. छेद ५ चौ. मिमी.हून थोडा अधिक घेतल्यास ही घट ०·३ व्होल्टवर येते. परतीच्या मार्गाची गोष्ट याहून नाजूक असते. परतीसाठी जोडाच्या लोखंडी गोळ्यावर विसंबल्यास गंज, वंगण व हादरे यांमुळे संपर्क क्षणोक्षणी बदलतो आणि ऐन गरजेच्या वेळी ब्रेक अपुरा लागतो. म्हणून ट्रेलरकडून ट्रककडे येणारी स्वतंत्र पांढरी तार आवश्यक मानतात. जुन्या ट्रकला बहुधा केवळ दिव्यांसाठी चार तारांचा जोड असतो. ब्रेक, परतीचा मार्ग व ट्रेलरवरील घटमालेचे प्रभारण यांची सोय होण्यासाठी सात संपर्कांचा जोड बसवावा लागतो.

सर्वांत फसवी जोडणी तांबड्या तारेची असते. ती थांब-दिव्याच्या स्विचाच्या अशा बाजूस जोडावयाची असते की, पायपट्टी दाबल्यावरच तीत विद्युत् दाब यावा. जुन्या अमेरिकन ट्रकांत थांब-दिवा व वळण-दिवा यांसाठी मागे एकच तंतू असतो आणि दोन्ही सूचना सुकाणूच्या दांड्यावरील स्विचात एकत्र होतात. तांबडी तार या स्विचाच्या पुढे, म्हणजे मागील दिव्याच्या तारेस, जोडल्यास वळण-दिवा लुकलुकताच ट्रेलरचे ब्रेकही लागतात व सुटतात. ती योग्य ठिकाणी जोडली, तरी काही ट्रकांत धोक्याचे चारही दिवे एकदम लावल्यावर प्रवाह उलट मार्गाने थांब-दिव्याच्या तारेत शिरतो व तोच दोष उद्भवतो. त्यावर एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा डायोड वा स्वतंत्र संपर्काचा स्विच हा उपाय योजतात. जोडणी झाल्यावर निळ्या तारेतील प्रवाह अँपिअरमापकाने मोजून तो चुंबकांच्या संख्येशी जुळतो की नाही हे पाहतात. शेवटी कोरड्या व सपाट रस्त्यावर ताशी सु. ४० किमी. वेगाने जात असता हाताच्या तरफेने ट्रेलरचा ब्रेक लावून, चाके अडकण्याच्या किंचित् अलीकडे कमाल प्रवाह निश्चित करतात. भार बदलला की हे मूल्यही बदलावे लागते.

सुटलेल्या ट्रेलरची व्यवस्था : वायुदाब ब्रेकमध्ये नळी तुटली की ब्रेक लागतो. विद्युत् ब्रेकमध्ये याच्या उलट, तार तुटली की ब्रेक सुटतो. या पद्धतीचा हा मूलभूत दोष आहे. त्यावर उपाय म्हणून ट्रेलरवरच एक लहान घटमाला ठेवतात आणि एक स्विच बारीक केबलने ट्रकच्या सांगाड्यास अडकवितात. ट्रेलर निसटल्यास केबल ओढली जाऊन स्विचातील खिळ निघते आणि घटमालेचा पूर्ण प्रवाह चुंबकांकडे जातो. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार व्यापारी वाहतुकीत असा ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटे टिकला पाहिजे. हीच घटमाला चार्ज न राहिल्यास सारी योजना व्यर्थ ठरते. म्हणून तिची वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

नियम व प्रसार : अमेरिकेत कोणत्या वजनापासून ट्रेलरला ब्रेक हवा हे राज्याराज्यांत भिन्न आहे. अनेक ठिकाणी ३,००० पौंड (सु. १,३६० किग्रॅ.) ही मर्यादा आहे, कॅलिफोर्नियात निवासी ट्रेलरांसाठी ती १,५०० पौंड (सु. ६८० किग्रॅ.) आहे. ऑस्ट्रेलियात ७५० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या ट्रेलरला ब्रेक आणि २,००० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या ट्रेलरला निसटल्यास आपोआप लागणारी व्यवस्था असावी लागते. यूरोपात ३,५०० किग्रॅ.पर्यंत निरूढीवर चालणारे ब्रेक प्रचलित आहेत. यांत ट्रक मंदावला की ट्रेलरचा पुढचा दांडा आत ढकलला जातो आणि त्याच रेट्याने ब्रेक लागतो. त्यांना नियंत्रक वा तारा लागत नाहीत. परंतु ते ट्रकपासून स्वतंत्रपणे लावता येत नाहीत. होड्यांचे ट्रेलर पाण्यात उतरवावे लागत असल्याने अमेरिकेतही त्यांना बहुधा असेच ब्रेक बसवितात.

भारतात जड जोडवाहनांना वायुदाब ब्रेक असून पिक-अप वाहनामागे विद्युत् ब्रेकचा ट्रेलर जोडण्याची पद्धत रूढ झालेली नाही. मूळ प्रश्न मात्र येथेही आहे. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडतात. त्यांपैकी अनेकींना स्वतःचा परिणामकारक ब्रेक नसतो आणि उतारावर सर्व भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर पडतो.

गुणदोष : विद्युत् ब्रेक साधे, स्वस्त व दुरुस्तीस सोपे असून ट्रेलर जोडण्या-सोडण्याचा त्यांना त्रास नसतो. चुंबकाचे तोंड झिजणे, वेटोळे तुटणे, ड्रममध्ये वंगण उतरणे व जोडातील संपर्क गंजणे हे त्यांतील नेहमीचे दोष होत. दीर्घकाळ गाडी उभी ठेवण्यास ते उपयोगी नाहीत, कारण प्रवाह अखंड चालू ठेवल्यास घटमाला रिकामी होते. जड ट्रेलरांत विद्युत् सूचनेवर चालणारा पंप ट्रेलरवरच द्रवदाब निर्माण करून चकती ब्रेक लावतो, अशी संमिश्र पद्धतीही प्रचारात आली आहे. तीतही चालकाजवळचा नियंत्रक व निळी तार कायम आहेत. ही तार, परतीचा मार्ग आणि ट्रेलरवरील घटमाला सुस्थितीत असणे, यांवरच ब्रेकचा भरवसा अवलंबून असतो.